डबा राहिलाय

विट्याच्या स्टँडवर मी मुलाणी कंडक्टरला म्हटलं,
"करगणीच्या सर्जेरावाला सांगा, डबा राहिलाय."
भिवघाटात गाडी चालू ठेवूनच
त्यानं ते पानपट्टीवर टाकलं,
पानपट्टीनं दुधाच्या टेम्पोत.
किटल्यांच्या खडखडाटात
डब्याचा दावा झाला,
राहिलायचं लावलाय.

संध्याकाळी भाऊ दारात. सात वर्षांनी.
काखेत सातबारा. "दाव कागद!"

मी डबा दावला,
आईच्या तेराव्याला राहिलेला.
रिकामा कसा द्यायचा म्हणून
आत चटणी, शेंगदाण्याची.

झाकण निघेना, तर दोघांनी ओढलं.
चहा झाला. बांधाचं कुणी काढलं नाही.
शेवटच्या गाडीला पळाला

आणि डबा फडताळावरच.

उद्या मुलाण्याला सांगेन.
जरा पुटपुटत.