पेवाचा पाव हिस्सा

पोस्टमननं सही घेतली, पेन परत मागितलं, गेला.
लिफाफ्यात बाबांच्या नावाआधी एक शब्द होता,
तीन महिन्यांत जो कुणी मला फोन करून सांगितला नाही:
मयत.

मयत भूपाल आदगोंडा मगदूम, राहणार हरिपूर.
खाली तारीख. नऊ जानेवारी.
मी कॅलेंडरची पानं मागं उलटली.
त्या चौकोनात दुधाचा खाडा मांडलेला, माझ्याच अक्षरात,
आणि सिलेंडर आल्याची फुली.

मिरजेहून हरिपूरला सांगलीत बस बदलावी लागते.
एवढंच.

वारस: मुलगा, मुलगा, मुलगा, आणि चौथी मी.
वयानं मी दुसरी.
नाव लग्नाआधीचं. चौदा वर्षं झाली,
लग्न त्यांनी अजून धरलेलं नाही.
सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा,
त्यात 'स्वखुशीने' तीनदा,
'चोळीबांगडी पावली' एकदा.

एकोणतीस गुंठे. घर, पत्र्याचं, दक्षिणमुखी.
आणि शेवटच्या ओळीत:
हळदीचे पेव एक, पुराच्या गाळाने बुजलेले.
म्हणजे एका खड्ड्याचा, तोही भरलेल्या,
पाव हिस्सा माझा.

बाबा तोलाईदार. तळहात कधी पांढरे पाहिले नाहीत.
पेव उघडलं की मला काठावर उभं करून सांगायचे,
आधी कंदील सोडायचा, त्रिशला.
विझला तर उतरायचं नाही.
वाट बघायची. आतली हवा
आपली आपण बदलते.

किती वाट बघायची, हे
मी विचारलं नव्हतं.

मग पतसंस्थेतून चौगुलेबाईंचा फोन.
ठेव आहे म्हणाल्या, वारसदार म्हणून तुम्ही आहात, एकट्या.
गेले. आमच्या गल्लीत न शिरता, नदीच्या बाजूनं.
त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

पत्ता: किल्ला भाग. खोडलेला.
वर मालगाव रोड, दुसऱ्या शाईत. तोही खोडलेला.
समासात, जागा संपल्यामुळे आडवा,
आत्ताचा. खोली नंबरासकट.
हा तर मी अजून रेशनकार्डावरही घातलेला नाही.

प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही,
बाबांची, वजनाच्या पावतीवर असायची तशी,
'म' ला लांब शेपूट.

कुणी सांगत होतं त्यांना? की ते येऊन
खाली उभे राहून जात होते?
चौगुलेबाई म्हणाल्या, तुमचे भाऊ
हाच पत्ता उतरवून घेऊन गेले.

रक्कम त्यांनी दोनदा सांगितली. मला आता आठवत नाही.
मी फॉर्मची झेरॉक्स मागितली.
दोन रुपये, त्या म्हणाल्या. सुटे द्या.

मसुदा घरी आहे, मिसळणाच्या डब्याखाली.
सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.
डब्याच्या बुडाचा एक पिवळा गोल
'स्वखुशीने' वर उमटलाय.