साडेआठ

एरीला सरोवरावरून बर्फ येतो त्या आठवड्यात
आर्लीन वॉयचिक पक्कड घेऊन बसते
स्वयंपाकघरात.
प्लास्टिकची डबी कडेनं कुरतडते. कट्ट.
साडेआठाचं लेबल टेबलाखाली जातं.

म्हणतात, दुसरी कंपनी नऊ देईल.
कोपरे तेच, शाई तीच,
गोलकीपरच्या हनुवटीवरचा छपाईचा ठिपकाही तोच.

अकरा वर्षांनी कार्ड उघडं.
भावानं च्युइंगमच्या पुडीतून काढलं तेव्हा
तिनंच हिसकावलं होतं.
डाव्या कोपऱ्यातला अर्धा गुण
तेव्हाच गेला.
टेडनं कधी विचारलं नाही,
आता विचारणारही नाही.

पाकीट मंगळवारी टाकायचं.
आज सोमवार.
बिनआकड्याचा गोलकीपर
मिठाच्या बरणीला टेकून उभा,
आणि ती हात धुऊन, कोरडे करून,
एका बोटानं
तो कोपरा चाचपते.