आडवा उजेड

आठाला माग बंद केला आणि गुडघ्यांवर आलो.
वडगावात विणकराच्या घरी धागा कुठं नसतोय?
फरशीच्या सांधीत, पायपुसण्यात,
एकदा तर चहाच्या कपात.

दुकानदार म्हणालेला, पायाला वेढा बसला की
बोट काळं पडतं, त्याला सांगता येत नाही.

म्हणून बॅटरी फरशीला टेकवून आडवी धरतो.
आडव्या उजेडात रेशमाची कुसळसुद्धा सावली टाकते.
मोरपंखी. चिंतामणी. जरीची एक बारीक शेपटी.
वीस वर्षं जे जुळवत आलो, ते वेचून काढतोय.

साड्यांच्या खोक्यांचं कुंपण, हातभर उंच,
कारण चढतंय ते. टाचणी एक नाही, नुसती खळ.
पाइपचा तुकडा बोगद्यासाठी.
पसरट बशीत पाणी, नाक भिजेल एवढंच.

निंगव्वा दारात थबकली, "मुळ्ळहंदी, हौदल्ल?"
साळिंदर नव्हे हो, मी म्हणालो, हेजहॉग.
"हंदीच की," ती म्हणाली.
बरं, म्हटलं. ज्याचं नाव चाललंय
ते तर गोळा होऊन फुसफुसतंय दोघांवरही.

दिवा मालवला. उत्पला कुंपणाशी पालथी पडली,
श्वाससुद्धा जपून.
बऱ्याच वेळानं गोळ्यातून नाक आलं,
मग एक पाय, तांदळाएवढ्या बोटांचा.

मी हात आत घालणार, तोच ती दबक्या आवाजात,
"बाबा, बाही!"

मनगटाशी लोंबत होता, पांढरा, वीतभर.
शर्ट काढून दाराबाहेर ठेवला.
मग उघडा हात आत नेला, हळू.