तिसऱ्यापासून

सम्यक, तुझा फोन आला तेव्हा मी
बिलभरणा खिडकीवर होते, समोर अकरा माणसं.
मावशी, नऊ भाग आहेत, कुठून सुरू करू?
मी इतका वेळ गप्प राहिले
की तुला वाटलं रेंज गेली.

शहाणे सांगतात तसं मलाही सांगता येईल:
ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने खेळ.
किंवा गोष्टीतल्या सालांप्रमाणे, आधी सहावा,
ज्यात बेट अजून बुडालेलं नाही,
मग पहिला, मग चौथ्यातला निम्मा,
मग वहीत बाण काढावे लागतात
आणि खेळायचं राहूनच जातं.

मी तिसऱ्यापासून सुरू केलं.
निवडून नाही. सीताबर्डीच्या फुटपाथवर
चाळीस रुपयांची सीडी, वर स्केचपेनने १.
विकणाऱ्याच्या हातचा एक.
त्या दिवशीची त्याची पहिली विक्री असेल.

नंदनवनात गेडामांचं सायबर कॅफे,
दुपारी एक ते चार मुलींना अर्धा दर,
कारण सेहेचाळीस अंशांत
त्या वेळी दुसरं कुत्रंही फिरकत नसे.
कूलर वाळ्याचा वास फेकायचा आणि स्क्रीनवर तुषार,
आणि स्क्रीनवर आधीच समुद्र.
मी समुद्र पाहिलेला नव्हता.
अंबाझरी पाहिला होता.

सुरुवातीलाच एक म्हातारा कोळी मरायला टेकलेला,
भोवती सगळे रडताहेत, इंग्रजीत, भराभर.
"हा कोण बे?" मी विचारलं.
कुंदा गेडाम पेप्सीकोला चोखत म्हणाली,
"मामा असंन कोनाचा."
तेव्हापासून तो मामा.
त्याची होडी आम्ही सात बंदरं वल्हवली,
त्याच्या जाळ्याची भोकं मोजून ठेवली.

मग सातवा, कारण कुंदाच्या भावाने तोच आणला भिलाईहून.
मग दुसरा, अर्धा.
दीपस्तंभाच्या जिन्यावर खेळ गोठायचा,
सीडीवर कुणीतरी चहाचा पेला ठेवलेला.
वरच्या खोलीत काय आहे ते आम्हीच ठरवलं:
कुंदाच्या मते खजिना,
माझ्या मते कुलूप लावून ठेवलेली एक बाई.
मग बारावी झाली, मग बाकीचं झालं,
कुंदा बल्लारशाला गेली.

पहिला भाग मी खेळले एकोणतिसाव्या वर्षी,
रीतसर पैसे भरून, मानेवाड्याच्या खोलीत.
दहाव्या मिनिटाला मामा आला,
तरणाताठा, दाट केसांचा, हातात मशाल.
त्याने गाव जाळलं.

जे इथून सुरू करतात
त्यांना तिसऱ्यात त्याला माफ करताना त्रास होतो म्हणे.
माझं उलट. माया कधीच लावून झाली होती,
पुरावा आत्ता आला.
पॉज दाबला. ज्वाळा तशाच थांबल्या.
कुंदाला फोन केला, मामानं गाव जाळलं.
पलीकडे तिचं लेकरू रडत होतं, तिने रडू दिलं.
मग विचारलं, "कोनत्या भागात?"
भागाचा आकडा वेगळा निघाला
तर गाव वाचेल, अशा आवाजात.

झिरो माइलचा खांब अंतरं मोजायला आहे रे.
तिथून प्रवासाला निघालेला माणूस
मी अजून पाहिला नाही.
सगळे गणेशपेठेतून निघतात, हातात पिशवी,
मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या सीटवर.

तुझी अडचण वेगळी. तुझ्याकडे नऊच्या नऊ आहेत,
एकावरही ओरखडा नाही.
डोळे मिटून बोट ठेव म्हणणार होते,
पण तू डोळे उघडे ठेवशील, मला माहीत आहे,
तुझ्या आईवर गेलायस.

तर काय वाटेल ते कर.
फक्त सहावा आधी खेळलास तर मला सांगू नकोस
मामा त्यात किती वर्षांचा आहे.
तो मी ठेवून दिलाय. कुंदा दिवाळीत यायची आहे,
आली तर.

आणि दुसऱ्यातल्या त्या जिन्यावरून वर गेलास,
तर दार वाजवून जा.
ठेवते आता. रांग ओरडून राहिली.