डबल बेल

अकरावं गुणसूत्र, त्याची लांब भुजा,
तिथे एका वळणावर एचटीआर-थ्री-बी.
मी रोज त्याच्या गल्लीतून जाते,
पाषाणच्या लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर.
खिडकीतून तलाव दिसत नाही, पार्किंग दिसतं.

हे जनुक अख्खं दार बनवत नाही,
दाराची एक फळी फक्त.
पाच फळ्या गोल उभ्या राहिल्या की मध्ये भोक.
सेरोटोनिन येऊन टेकलं की ते उघडतं
आणि पोटातून मेंदूकडे निरोप सुटतो:
मळमळतंय.

हे मी अण्णांना सांगितलं एरंडवण्यात, डे-केअरच्या खुर्चीपाशी.
त्यांच्या हातात सुई, मांडीवर निळी बादली.
हिरामण कामठे, ड्रायव्हर, पीएमटी,
स्वारगेट ते सासवड, सत्तावीस वर्षं.
दिवे घाटात मागच्या खिडक्यांतून अख्खी वऱ्हाडं ओकली,
यांना कधी आंबट ढेकर नाही.
स्टिअरिंगशेजारी लिंबं ठेवायचे, लोकांसाठी.
"हुंगा, आणि लांब बघा. जवळचं बघितलं की ढवळतं."

आता तिसरी सायकल.
नर्सने शिरेतून औषध दिलं, वर जिभेखाली गोळी.
"ही काय करते?"
मी म्हटलं, खिडकीतून रुमाल टाकते.
सेरोटोनिन चढायच्या आत जागा धरून ठेवते.
ते हसले.
मग बादली उचलली.
रुमाल कुणीतरी खाली फेकून दिला होता.

मी त्यांची सही घेतली
(अजून ट्रिपशीटवरचीच, तिरकी, घाईची)
आणि दोन मिली रक्त.
मला तीन अक्षरं बघायची होती.
जनुकाच्या सुरुवातीला, जिचं कधी प्रथिन होत नाही अशा ओळीत,
काहींची तीन अक्षरं गळलेली असतात.
त्यांना उलट्या जास्त, असं काही अभ्यास म्हणतात.
काही म्हणतात, तसं काही नाही.
मला कुणावर तरी खापर फोडायचं होतं
आणि तीन अक्षरं परवडण्यासारखी होती.

अ‍ॅडेनिन, अ‍ॅडेनिन, ग्वानिन.
दोन्ही प्रतींत. जागच्या जागी,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलींसारखी.

शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं.
आपल्या बोलण्यात ते कधीचंच आहे:
माया पोटात, अपराध पोटात घालायचे,
नुसत्या नावाने होते ती कालवाकालवही तिथेच.
आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी
अण्णांनी पहाटेची पहिली फेरी काढली होती.
ते त्यांनी कुठे ठेवलं?
कितव्या गुणसूत्रावर बघू?

चौथ्या सायकलला बशीर शिकलगार आले. त्यांचे कंडक्टर.
पिशवीत आवळासुपारी, कानात यंत्र.
मी काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं,
बी फळी एकटी असली तर पेशीच्या कडेपर्यंत पोचत नाही,
आत डेपोतच पडून राहते. सोबत ए लागते.
बशीरचाचा म्हणाले,
"एवढं कळायला पाषाणला कशाला जायचं?"

साडेअकराला अण्णांचा चेहरा उतरला.
चाचा खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले.
शेजारी नाही, मागे.
"वडकी गेली. आता पहिलं वळण.
खाली मस्तानी तलाव, हिरामण. लांब बघ."
समोर बाजूच्या सोसायटीची भिंत होती,
गॅलरीत कुणाची तरी गोधडी वाळत होती.
अण्णा तिच्याकडे बघत राहिले, तलाव असल्यासारखे.
दुसरं वळण. तिसरं.
चौथ्याला उलटी झालीच.

चाचांनी बादली धरली, तोंड पुसलं,
आणि सलाइनच्या दांडीवर
अंगठीने दोनदा वाजवलं.

चादरीखाली अण्णांचा उजवा पाय
हळूच दाबला गेला.