आडवा आठ

आता पार्सलं येतात वेंगुर्ल्याला,
बेळगावहून, मिरजेहून, कुठून कुठून.
जुन्या पंचात गुंडाळलेली भिंगं,
एक तर बाळाच्या लोकरी टोपीत आलं.
चिठ्ठी बहुधा एका ओळीची: आत जाळं आलंय.

दादांचं घड्याळांचं दुकान होतं.
घड्याळं मोबाईलनं गिळली.
चिमटे उरले, डोळ्याला लावायची आयग्लास उरली,
आणि माझे हात,
स्प्रिंग उडाली की श्वास धरून
जागच्या जागी थांबायला शिकलेले.

बुरशीला इथली हवा मानवते.
काठाकडून मध्याकडे सरकते, घाई न करता,
वर्षाकाठी नखभर.
मी पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब टाकते,
कापूस मधून बाहेर गोल फिरवत नेते.
जाळं निघून येतं. कधी कधी
त्याच्या मुळांची नक्षी काचेतच राहते.
गिऱ्हाइकाला सांगते, फोटोत दिसणार नाही.
बहुतेकदा ते खरं असतं.

शमशुद्दीन होडेकर मस्कतहून कायमचे परतले
तेव्हा त्यांच्या भिंगाचं कडं कुरकुरत होतं.
आट्यांत वाळू. रुमालावर झटकली तर
दोन रंगांची. एक तिकडची,
दुसरी आरवलीच्या किनाऱ्याची, जायच्या आधीची.
ठेव म्हणाले, मग टाक म्हणाले,
मग रुमालाची घडी घालून खिशात घातली.
रुमाल माझा होता.

आटे सोडवताना खूण करावी लागते,
नेमकं कुठल्या जागी एकातून दुसरं सुटलं.
परत ते आठ ठिकाणी बसतं,
त्यातलं सात ठिकाणी खोटं.
कडं फिरतं, लोण्यासारखं फिरतं,
जवळची माणसं नीट दिसतात,
फक्त लांबचं कधीच स्पष्ट होत नाही.

म्हणून शेवटी बंदरावर जायचं.
कड्यावरच्या आडव्या आठाशी रेघ जुळवायची
आणि समुद्रातल्या खडकांवरचा दिवा बघायचा.
मनोरा सुईसारखा उभा राहिला
तरच पैसे घ्यायचे.

विनता केळुसकरनं आणलं ते तिच्या बापाचं.
मोतीराम केळुसकर, शिरोड्याला स्टुडिओ.
शाळेचे गट, कर्जाच्या कागदांना होड्यांचे फोटो,
आणि किनाऱ्याला कोणी लागलं
की पंचनाम्यासाठी पोलीस त्यालाच उठवायचे.
मधल्या काचांवर तेलकट धुकं होतं.
खोललं, पुसलं, पाती नॅफ्थ्यात धुतली,
लख्ख करून दिलं.

आठवड्यानं परत आली.
"ह्यां काय केलंस गो?
बापाशीच्या फोटोत बत्तीभोवती कायतरी असायचां.
आवशीच्या केसांभोवती.
तां खंय गेलां?"

म्हटलं, ते आतल्या ग्रीसचं. तापलं की उडतं
आणि काचेवर जाऊन बसतं.
कॅमेरा मोटारसायकलच्या डिकीत असायचा ना त्यांचा?
"होय. कधी बोलावणां येयत तेचो नेम नाय."
काउंटरवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.
"मढ्यांच्या फोटोत सुदिक असायचां तां," म्हणाली.

काय बोलणार.
पुसलेला कापूस अजून टोपलीत होता.
तो काढून दाखवला मी, मूर्खासारखा.
पिवळट बोळा.
तिनं तो नाकाशी नेला.

पंधरा वॅटचा बल्ब जळतो त्या कपाटात
तिचं भिंग अजून आहे. नेते म्हणते, नेत नाही.
मंगळवारी तेच घेऊन बंदरावर गेले.
हवा इतकी दमट की दिवा दिसेना,
खडक दिसेनात,
पाणी कुठं संपतं तेही नाही.
आठाशी रेघ जुळवली.
बरोबर बसलीय की त्या सातांपैकी एक,
कळायला काही मार्ग नव्हता.
जेट्टीवर बसून राहिले.
मग बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला,
तसं टोपण लावलं.