पाऊण तास आणि एक वार

लोक विचारतात, पागो पागो किती लांब?
सव्वाशे किलोमीटर, मी सांगतो.
विमान छोटं, पंख्यांचं,
पाऊण तासाच्या आत पोचवतं.
मग थांबतो. उरलेलं सांगण्याआधी
समोरच्याचा चेहरा बघून घ्यावा लागतो.

उरलेलं असं, की आपियातून शनिवारी निघालात
तर तिकडे शुक्रवारी उतराल.
घड्याळाला हात लावू नका,
काटे दोन्हीकडे सारखेच.
फक्त वार बदलतो.

पर्यटक टाळ्या पिटतात,
वाढदिवस दोनदा साजरा करून येतात.
आमच्या माणसांना प्रार्थनेची काळजी,
परतीत रविवार बुडाला तर
पाद्रीबुवांना काय सांगायचं?

पूर्वी दोन्ही बेटांना एकच वार पुरायचा.
मग एका डिसेंबरात सरकारनं ठरवलं,
आणि गुरुवारी झोपलेले आम्ही
शनिवारी उठलो.
कुणाचं काही अडलं नाही.
फक्त शेजारच्या म्हाताऱ्या फालेआफाच्या डबीत
शुक्रवारच्या खणातली गोळी तशीच राहिली.
ती घ्यावी की टाकावी,
हे विचारायला तो दवाखान्यात जाऊन आला.

फुआतिनो आली शनिवारी, दुपारच्या विमानाला.
काखेत गुंडाळलेली चटई,
केवड्यासारख्या पातीची, बारीक विणीची,
हात फिरवला तर रेशीम वाटावं अशी.
बहीण, सालाफाई, सकाळी दहाला गेली होती,
तिकडच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
ट्यूना मासे डब्यांत भरून.

‘तिकडच्या कागदावर शुक्रवार लागणार?’
हो, म्हटलं.
‘आणि मी काल रागानं फोन आपटला, तो?’
तुमचा शुक्रवार. त्यांचा गुरुवार.
ती बोटांवर मोजू लागली.
अंगठ्यापासून, मग करंगळीपासून,
मग ओठांत पुटपुटत पुन्हा एकदा.
मागची रांग खोळंबली, तरी मी बोललो नाही.
कसंही मोजलं तरी
मधे रात्र एकच येत होती.

आमच्याकडे सामानाबरोबर माणूसही काट्यावर चढतो.
एकशे चार किलो, चटई धरून.
मी लिहिलं,
निघण्याचा वार, खाली पोचण्याचा,
उलट्या क्रमानं, रोजच्यासारखं.

परतली ती पुढच्या गुरुवारी.
तिच्या लेखी अजून बुधवारच.
सोबत मटणाच्या डब्यांची दोन खोकी,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि एक चटई,
नेलेली नव्हे, दुसरी, जाड विणीची.
मयताला दिलेलं परत येतं,
पण तेच येत नाही.

थेट माझ्या काउंटरवर आली,
जास्तीच्या वजनाची पावती आपटली.
‘तिकडच्यांनी किलोकिलोचे पैसे घेतले.
आणि तुम्ही अख्खा दिवस कापलात,
त्याचे कोण देणार?’

नियमांचं पुस्तक मी खरंच उघडलं.
हरवलेल्या पिशवीचं पान होतं, उशिराचं होतं,
पाण्यानं भिजलेल्या सामानाचंही.

तिनं वाट पाहिली नाही.
खोक्याशेजारच्या पिशवीतून ट्यूनाचा एक डबा काढला,
माझ्यापुढे ठेवला, ‘तिच्या हातचा असेल,’ म्हणाली,
आणि बाहेर भाचा ट्रक घेऊन उभा होता, तिकडे गेली.

डब्याच्या बुडाशी तारीख छापलेली.
रेषेच्या कुठल्या बाजूची, ते लिहिलेलं नव्हतं.
संध्याकाळी अळकुड्या उकडल्या
आणि आम्ही तो खाल्ला.